सकाळी उघडलेला मेलबॉक्स सिन्नरला दुपारी का दिसतो : डिरेक्टरी रेप्लिकेशनचा उशीर शोधताना

सोमवारी सकाळी दहाला अंबडच्या ऑफिसात एका नव्या इंजिनिअरचं खातं उघडलं, त्याला मेलबॉक्स दिला आणि चहाला गेलो. साडेदहाला सिन्नरच्या प्लांटमधून एचआरच्या मॅडमचा फोन आला, "सर, पोरगा येऊन बसलाय, पण लॉगिनच होत नाहीये." अकराला मुंबई ऑफिसचा फोन. त्याला पाठवलेला मेल ५.१.१ असा शेरा घेऊन परत आला होता, म्हणजे असा पत्ताच नाही. मी घाईघाईने मेल सर्व्हर रिस्टार्ट केला. दुपारी जेवून येईपर्यंत सगळं सुरळीत. पुढे जवळजवळ वर्षभर कुणी "खातं दिसत नाही" म्हटलं की मी मेल सर्व्हर रिस्टार्ट करायचो, आणि गंमत म्हणजे दर वेळी थोड्या वेळाने ते दिसायचंही.

रिस्टार्टचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. एका सर्व्हरवर केलेला बदल बाकीच्या सर्व्हरवर कॉपी होतो, त्याला रेप्लिकेशन म्हणतात, आणि तो ठरलेल्या वेळीच सिन्नरला पोचत होता. ती वेळ कुणी ठरवली, कुठे लिहिली, हे मला माहीत नव्हतं एवढंच.

कंपनीत स्वतःचे एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचे मेल) सर्व्हर आहेत, चार-सहा ठिकाणी डोमेन कंट्रोलर म्हणजे डीसी (लॉगिनची खाती सांभाळणारे सर्व्हर) ठेवलेत, आणि आधीचा माणूस सोडून गेल्यामुळे हे सगळं अचानक तुमच्या गळ्यात पडलंय, अशी तुमची स्थिती असेल तर पुढचं तुमच्यासाठी. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. एक्स्चेंज ५.५ पर्यंत मेल सर्व्हरची स्वतःची डिरेक्टरी असायची. एक्स्चेंज २००० पासून तो पत्त्यांसाठी आणि स्वतःच्या सेटिंगसाठी पूर्णपणे डीसींवरच्या खात्यांच्या यादीवर, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर अवलंबून आहे. त्यामुळे "मेलचा प्रॉब्लेम" म्हणून आलेली निम्मी टिकिटं मेल सर्व्हरवर सुटतच नाहीत.

आधी टेबलावर काय काय हवं

- कुठल्या प्लांटला कुठली आयपी रेंज आहे त्याची यादी. जुनी एक्सेल फाइल चालणार नाही, नेटवर्कवाल्याकडून आजची घ्या.
- लिंकची वही: किती एमबीपीएस, सर्किट नंबर, तक्रार कुठे करायची.
- सगळ्या डीसींची नावं, कुणावर कुठलं विंडोज, आणि पाच एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच डीसीकडे असणारी खास कामं) कुणाकडे आहेत. "नेटडॉम क्वेरी एफएसएमओ" ही आज्ञा ते सांगते.
- प्रत्येक डीसीचा डीएसआरएम पासवर्ड (डिरेक्टरी दुरुस्तीच्या मोडमध्ये डीसी उघडताना लागणारा). तो कुणालाच माहीत नाही असं आढळलं तर आजच बदलून पाकिटात बंद करा.
- शेवटचा सिस्टिम स्टेट बॅकअप कधी झाला ती तारीख.
- बदल करायला साहेबांची मेलवरची परवानगी. तोंडी नको.
- साधी वही आणि पेन. मी चेष्टा करत नाही.

हत्यारं म्हणाल तर रेपअ‍ॅडमिन, डीसीडायग, एनएलटेस्ट आणि डब्ल्यू-३२-टीएम. चारही डीसीवर आधीपासून असतात. या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी अक्षरं घ्या आणि रेपअ‍ॅडमिन, एनएलटेस्ट आणि डब्ल्यू-३२-टीएमच्या पुढच्या शब्दांआधी स्लॅश द्या.

१. काहीही हात लावण्याआधी एक बदल मोजा

"स्लो आहे" हे वाक्य टिकिटात लिहायला ठीक आहे, त्यावरून काम करता येत नाही. किती स्लो? कुठून कुठे? एक चाचणीचं खातं बनवा. अंबडच्या डीसीवर त्याच्या वर्णनाच्या रकान्यात "११.०५ अंबड" असं लिहा आणि मग एकेका डीसीला विचारा की तुझ्याकडे हे कधी आलं.

विचारायची सोपी पद्धत: युजर्स अँड कॉम्प्युटर्सच्या खिडकीत व्ह्यू मेनूतून अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स चालू करा, डोमेनवर राइट क्लिक करून डीसी बदला, खातं उघडा आणि ऑब्जेक्ट टॅबवरची बदलाची वेळ वाचा. ही वेळ त्या-त्या डीसीची स्वतःची असते, दुसरीकडून कॉपी होऊन येत नाही. म्हणूनच ती कामाची.

इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडलोय. पहिला: "रेपअ‍ॅडमिन शोऑब्जमेटा" जी तारीख दाखवते ती मूळ बदल जिथे झाला तिथली असते, म्हणून ती सगळीकडे सारखीच दिसते. ती बघून मी साहेबांना "सगळीकडे एकाच सेकंदाला पोचलंय" असं सांगून मोकळा झालो होतो. दुसरा: आज्ञेने किंवा स्क्रिप्टने "व्हेनचेंज्ड" हा रकाना कच्च्या रूपात काढला, तर वेळ यूटीसीमध्ये येते. नाशिकच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. आमच्या एका पोराने त्यावरून साडेपाच तासांच्या घोळाचा अहवाल बनवून पाठवला होता. नेमका साडेपाच तासांचा फरक कुठेही दिसला की आधी घड्याळाकडे बघा.

तीन-चार दिवस, वेगवेगळ्या वेळी, मोजून वहीत लिहा. उलट्या दिशेनेही मोजा. अंबडहून दिंडोरीला लवकर जातं म्हणजे दिंडोरीहून अंबडला लवकर येतंच असं नाही. प्रत्येक डीसी बदल स्वतः ओढून घेतो, त्यामुळे दोन दिशा म्हणजे दोन वेगळी कामं.

२. तीन ढीग करा

आता "रेपअ‍ॅडमिन रिप्लसमरी" चालवा. सगळ्या डीसींचा एक तक्ता येतो. त्यात लार्जेस्ट डेल्टा म्हणजे शेवटच्या यशस्वी फेरीला सर्वांत जास्त किती वेळ झाला, आणि फेल्स म्हणजे किती फेऱ्या फसल्या.

फेल्स शून्य आणि डेल्टा दोन फेऱ्यांमधल्या ठरलेल्या वेळेच्या आत, म्हणजे काहीही बिघडलेलं नाही, गाडी वेळापत्रकाने चाललीय. वेळापत्रक पसंत नसेल तर पायरी ४.

फेल्समध्ये आकडा आहे आणि शेजारी एररचा नंबर आहे, म्हणजे अडकलंय. पायरी ६.

तक्ता स्वच्छ, चाचणीचं खातंही वेळेत पोचलं, तरी मॅडमचा फोन येतोच आहे? मग दोष दुसराच. तो ढीग आधी संपवा, कारण तो सगळ्यांत मोठा असतो.

३. रेप्लिकेशनचा दोष नसलेला ढीग

तक्रार करणाऱ्याला एकच सांगा: ब्राउझरमध्ये मेल उघडा आणि तिथे नाव शोधा. ब्राउझरमधला मेल थेट डिरेक्टरीला विचारतो. आउटलुक मात्र कॅश्ड मोडमध्ये असेल तर स्वतःजवळच्या ऑफलाइन अ‍ॅड्रेस बुकात बघतो. हे बुक एक्स्चेंज २०१० मध्ये मूळ सेटिंगला रोज पहाटे पाचला बनायचं, २०१३ पासून पुढे दर आठ तासांनी बनतं, आणि आउटलुक ते साधारण चोवीस तासांतून एकदा उतरवतो. बेरीज करून बघा. रेप्लिकेशन पंधरा सेकंदांत झालं तरी आउटलुकमध्ये नाव दुसऱ्या दिवशी दिसू शकतं. ब्राउझरमध्ये दिसतंय आणि आउटलुकमध्ये नाही, तर टिकीट तिथेच बंद करा. डिरेक्टरीला हात लावायचा नाही.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे माणूस तोच, मेलबॉक्स नवा. कुणी नोकरी सोडून परत आलं, खातं नव्याने बनवलं, आणि जुने सहकारी मेल पाठवतात तेव्हा तो परत येतो. त्यांच्या आउटलुकने जुना अंतर्गत पत्ता लक्षात ठेवलेला असतो. नाव टाइप करताना खाली जी सूचना उतरते ती खोडून नाव नव्याने निवडायला सांगा. अशी वीस माणसं असतील तर नव्या मेलबॉक्सला जुना पत्ता एक्स-५०० प्रकारचा म्हणून जोडून टाका.

तिसरा: काही मेलबॉक्स क्लाउडवर असतील, तर एन्ट्रा कनेक्टची (तुमची डिरेक्टरी क्लाउडला जोडणाऱ्या प्रोग्रॅमची) फेरी मूळ सेटिंगला दर ३० मिनिटांनी होते. तुमच्या डीसींमध्ये झालेल्या उशिरात ही अर्ध्या तासाची भर पडते.

चौथा प्रकार तुम्ही स्वतः करता. युजर अंबडच्या एका डीसीवर बनवता, आणि लगेच एक्स्चेंजच्या खिडकीतून मेलबॉक्स द्यायला जाता तेव्हा एक्स्चेंज दुसऱ्याच डीसीशी बोलत असतो. "असा ऑब्जेक्ट नाही." दोन्ही कामं एकाच डीसीवर करा. एक्स्चेंजच्या आज्ञांना कुठला डीसी वापरायचा ते नाव देऊन सांगता येतं. आणि माणूस सिन्नरला बसणार असेल तर त्याचं खातं सिन्नरच्याच डीसीवर बनवा. लॉगिन लगेच होतं, मेल मागून येतो. नवा माणूस पहिल्या दिवशी रिकामा बसण्यापेक्षा हे बरं.

४. वेळापत्रक: बहुतेकांचं उत्तर इथेच असतं

एसटीचं उदाहरण घेतो, कारण मला स्वतःला हे एसटीवरूनच कळलं. एका साइटच्या आत, म्हणजे अंबडच्या दोन डीसींमध्ये, बदल रिक्षाने जातो. बदल झाल्यावर १५ सेकंदांनी पहिल्या जोडीदाराला खबर, मग दर ३ सेकंदांनी पुढच्याला. विंडोज सर्व्हर २००३ पासून हे असंच आहे. पण साइट बदलली की बदल एसटीने जातो. पार्सल तयार असलं तरी गाडी सुटेपर्यंत ते स्टँडवरच पडून राहतं. आणि मूळ सेटिंगला गाडी दर १८० मिनिटांनी सुटते.

तीन तास! सिन्नर अंबडहून तीसेक किलोमीटरवर. खातं मोटरसायकलवरून नेऊन दिलं असतं तरी दोनदा जाऊन आलो असतो.

शिवाय गाडी बदलावी लागली की वेळ वाढते. दिंडोरीत झालेला बदल मुंबईला अंबडमार्गे जात असेल तर दोन्ही टप्प्यांचे मिळून सहा तास लागू शकतात. सकाळी दिंडोरीत बदललेला फोन नंबर मुंबईला संध्याकाळी दिसला, तर ते गणितात बसतंय.

काय करायचं? साइट्स अँड सर्व्हिसेस उघडा, इंटर-साइट ट्रान्सपोर्ट्समध्ये आयपी, आणि तिथल्या साइट लिंक एकेक करून बघा.

पहिली गोष्ट: सगळ्या साइट एकाच "डिफॉल्टआयपीसाइटलिंक"मध्ये कोंबलेल्या आहेत का? नवी साइट बनवताना पुढे-पुढे क्लिक करत गेलं की असंच होतं. मग केसीसी, म्हणजे दर १५ मिनिटांनी रस्ते आखणारा प्रोग्रॅम, समजतो की सगळे एकमेकांच्या शेजारी आहेत आणि सगळ्यांचा खर्च, म्हणजे रस्ता निवडताना बघायचा आकडा, सारखाच १००. तो सिन्नर आणि दिंडोरीला थेट जोडायला मोकळा, तुमच्या तारा मात्र दोन्हीकडून अंबडलाच येतात. प्रत्येक खऱ्या तारेसाठी एक स्वतंत्र लिंक बनवा: अंबड-सिन्नर, अंबड-दिंडोरी, अंबड-मुंबई. नावही असंच द्या. शाखा एकमेकींशी बोलूच शकत नसतील, मधे फायरवॉल असेल, तर "ब्रिज ऑल साइट लिंक्स"ची खूण काढायचाही विचार करा, पण आधी नेटवर्कवाल्याला विचारून.

दुसरी: अंतर, म्हणजे दोन फेऱ्यांमधला वेळ. ते १५ मिनिटांपेक्षा खाली जात नाही. आजच्या फायबरला १५ करायला हरकत नाही.

तिसरी: शेड्यूल. जुन्या काळी लिंक बारीक म्हणून कुणीतरी "फक्त रात्री" असं निळं-पांढरं रंगवून ठेवलेलं असतं आणि तो माणूस केव्हाच पुण्याला निघून गेलेला असतो. उघडून बघाच. दोन टप्प्यांच्या रात्री जुळत नसतील तर बदल दोन-दोन दिवस लोंबकळतो.

चौथी, आणि माझी लाडकी: लिंकच्या प्रॉपर्टीमध्ये अ‍ॅट्रिब्यूट एडिटर उघडून "ऑप्शन्स" या रकान्यात १ लिहिलं की साइटबाहेरही बदलाची खबर लगेच जाते. एसटीची रिक्षा होते. तिथे आधीच ४ असेल, म्हणजे कुणी कॉम्प्रेशन बंद केलंय, तर ५ लिहा, नाहीतर आधीची सेटिंग पुसली जाते. नंतर "रेपअ‍ॅडमिन केसीसी" चालवा. चांगल्या लिंकवर हे डोळे झाकून करावं असं माझं मत आहे. २ एमबीपीएसची लिंक असेल आणि त्यावरच ईआरपी चालत असेल, तर महिनाअखेर सोडून एखाद्या मंगळवारी करा आणि दोन दिवस लक्ष ठेवा.

इथला मोठा सापळा मेलचा आहे. एक्स्चेंज २००७ पासून मेल कुठल्या रस्त्याने जायचा तेही याच साइट आणि याच लिंकच्या खर्चावरून ठरतं. रेप्लिकेशन सुधारायला तुम्ही मुंबई लिंकचा खर्च १०० चा ३०० केला, आणि दुसऱ्या दिवशी मेल भलत्याच सर्व्हरवरून फिरून जायला लागले, असं होऊ शकतं. अंतर आणि शेड्यूल बदला. खर्च बदलायचाच असेल तर मेलसाठी वेगळा एक्स्चेंज खर्च त्या लिंकला लावता येतो, तो लावून ठेवा.

जाता जाता आणखी दोन गोष्टी तपासा. हाताने बनवलेली कनेक्शन: केसीसीने बनवलेल्यांवर "ऑटोमॅटिकली जनरेटेड" असं लिहिलेलं असतं, बाकीची कुणीतरी कधीतरी बनवलेली, आणि ती केसीसी पुसत नाही. आणि प्रिफर्ड ब्रिजहेड: त्या साइटचा एकच डीसी कुणी "तूच बाहेरचं बोल" म्हणून नेमलेला असेल आणि तो बंद पडला, तर दुसरा डीसी शेजारी जिवंत असूनही काम उचलत नाही. नेमणूक काढून टाका, केसीसी स्वतः निवडतो.

५. सबनेट

सिन्नरला नवं शेड उभं राहिलं, त्याला नवी आयपी रेंज दिली, आणि ती साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये कुणी लिहिलीच नाही. मग त्या शेडमधले संगणक आपली साइट कुठली ते ओळखत नाहीत आणि मिळेल त्या डीसीकडे जातात, कधीकधी थेट मुंबईच्या. माणूस सिन्नरमध्ये बसून पासवर्ड बदलतो मुंबईत, आणि सिन्नरमध्ये खातं जुनंच. सगळे म्हणतात रेप्लिकेशन स्लो.

डीसीवर विंडोजच्या डीबग फोल्डरमध्ये नेटलॉगनची लॉग फाइल असते. तिच्यात "नो क्लायंट साइट" शोधा, समोर आयपी लिहिलेले असतात. ते सगळे योग्य साइटला जोडा. संगणकावरून खात्री करायची असेल तर "एनएलटेस्ट डीएसगेटसाइट".

मेल सर्व्हरचा सबनेट तर दोनदा तपासा. एक्स्चेंज स्वतःच्या साइटमधला ग्लोबल कॅटलॉग (सगळ्या डोमेनची माहिती ठेवणारा डीसी) धरतो. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये २०८० नंबरची नोंद बघा, त्यात तो कुठले डीसी "इन-साइट" धरतोय आणि कुठले "आउट-ऑफ-साइट" त्याची यादीच असते. आमच्या अंबडच्या मेल सर्व्हरच्या यादीत पुण्याचा डीसी इन-साइट निघाला होता. सबनेटच्या मास्कमध्ये एक आकडा चुकलेला.

६. अडकलंय: डीएनएस, घड्याळ, पोर्ट. याच क्रमाने

"रेपअ‍ॅडमिन शोरिप्ल" प्रत्येक डीसीवर चालवा आणि एररचा नंबर लिहून घ्या. नंबरच रस्ता दाखवतो.

८५२४, किंवा लॉगमध्ये २०८७, २०८८: डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणारी सेवा. डीसी एकमेकांना साध्या नावाने नाही, तर "अंडरस्कोर एमएसडीसीएस" झोनमधल्या लांबलचक जीयूआयडीच्या (प्रत्येक डीसीच्या वेगळ्या ओळखक्रमांकाच्या) नावाने शोधतात. त्यामुळे पिंग लागतो, रिमोट डेस्कटॉप लागतो आणि रेप्लिकेशन तेवढं होत नाही. माझ्या अनुभवात दहातली सहा-सात प्रकरणं एकाच कारणाने होतात: "इंटरनेट चालत नव्हतं म्हणून" कुणीतरी डीसीच्या नेटवर्क कार्डावर बाहेरचा सार्वजनिक डीएनएस टाकलेला. बाहेरच्या डीएनएसला तुमच्या सिन्नरच्या डीसीचं नाव कसं माहीत असणार? कार्डावर फक्त आपले डीसी ठेवा, बाहेरचा पत्ता डीएनएस सर्व्हरच्या फॉरवर्डरमध्ये. मग नेटलॉगन सेवा रिस्टार्ट करा म्हणजे नोंदी नव्याने होतील, आणि डीसीडायगची डीएनएस चाचणी चालवा.

घड्याळ. केरबेरॉसला (लॉगिनची ओळख पटवणाऱ्या पद्धतीला) दोन यंत्रांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. लाइट गेली, यूपीएस दमला, जुन्या सर्व्हरची बोर्डावरची बॅटरी मेलेली, आणि डीसी उठला तो भलत्याच तारखेत, हे दिंडोरीत आमच्याकडे पावसाळ्यात दोनदा झालं. "डब्ल्यू-३२-टीएम क्वेरी स्टेटस"ने वेळ कुठून घेतोय ते बघा. साखळी सरळ हवी: पीडीसी भूमिकेचा (पाच एफएसएमओ भूमिकांपैकी एक) डीसी बाहेरच्या वेळ सर्व्हरकडून घेईल, बाकीचे त्याच्याकडून. व्हर्च्युअल यंत्र असेल तर खालच्या होस्टकडून वेळ घेण्याची खूण काढा, नाहीतर दोन मालकांच्या मधे ते यंत्र गोंधळतं.

१७२२: आरपीसी सर्व्हर उपलब्ध नाही. बहुतेक वेळा फायरवॉल. नवा फायरवॉल बसवणारा माणूस १३५ आणि ३८९ उघडतो आणि "सगळं उघडलंय सर" म्हणतो. १३५ हा फक्त चौकशीचा टेबल आहे. तिथून सांगितलं जातं की अमुक नंबरच्या खिडकीवर जा, आणि ती खिडकी ४९१५२ ते ६५५३५ मधली कुठलीही असते. ती रेंज दोन्ही बाजूंनी उघडी हवी. शिवाय ५३, ८८, ४४५ आणि ग्लोबल कॅटलॉगसाठी ३२६८. एवढी मोठी रेंज उघडायला सुरक्षावाले तयार नसतील तर रजिस्ट्रीतून डिरेक्टरीला एकच ठरावीक पोर्ट बांधून देता येतो.

व्हीपीएनवर एक छुपा प्रकार असतो. छोटे पिंग झकास, पण मोठा पुडका अडकतो. पिंगला तुकडे करू नको असं सांगून १४७२ बाइटचा पुडका पाठवा आणि जाईपर्यंत आकडा कमी करत जा. १४०० च्याही खाली यावं लागलं तर नेटवर्कवाल्याला एमटीयू (एका पुडक्याचा कमाल आकार) तपासायला लावा. हे शोधायला मला आठ दिवस लागले होते, तुमचे वाचावेत.

७. चूक एकही नाही, पण रांग लांब

"रेपअ‍ॅडमिन क्यू" डीसीसमोरची कामांची रांग दाखवतं. दिवसभर ती शून्याच्या आसपास हवी. वाढतच असेल तर कुणीतरी मोठा माल टाकलाय.

आमच्याकडे तो माल होता फोटो. एचआरने हौसेने सगळ्यांचे फोटो डिरेक्टरीत चढवले. थंबनेलफोटोच्या रकान्यात १०० केबीपर्यंतचा फोटो बसतो, म्हणून तेवढेच मोठे. हिशेब करा: २००० फोटो, प्रत्येकी १०० केबी, म्हणजे २०० एमबी. २ एमबीपीएसच्या रिकाम्या लिंकवरसुद्धा जवळजवळ साडेतेरा मिनिटं, आणि प्लांटची लिंक रिकामी कधी असते? फोटो आधीच दाबलेले असल्यामुळे कॉम्प्रेशनचाही उपयोग नाही. हा माल प्रत्येक डीसीला, प्रत्येक शाखेत जातो. ९६ बाय ९६ पिक्सेलचा, १० केबीच्या आतबाहेरचा फोटो आउटलुकला पुरतो, आणि बोजा एक दशांशावर येतो. चढवायचेही शनिवारी रात्री, दोनशे-दोनशेच्या हप्त्यांनी.

दुसरा जड माल म्हणजे जुने ग्रुप. "सर्व कर्मचारी" नावाची मेल यादी विंडोज २००० च्या काळात बनलेली असेल, तर त्यातल्या जुन्या सभासदांची नोंद एकगठ्ठा असते. फॉरेस्टची (एकत्र बांधलेल्या सगळ्या डोमेनची) पातळी २००३ ला नेल्यानंतर नवे सभासद एकेक करून जातात, जुने मात्र तसेच गठ्ठ्यात राहतात. शोऑब्जमेटामध्ये सभासदासमोर "लेगसी" दिसलं की समजा. उपाय म्हणजे त्यांना काढून परत घालणं. यादी रिकामी असताना कुणी तिच्यावर मेल टाकला तर तो कुणालाच जाणार नाही, म्हणून पन्नास-पन्नास माणसं, आणि ऑफिस सुटल्यावर.

यातलं काहीच नसेल तर डीसीचं यंत्र बघा: डिस्क भरलीय का, अँटिव्हायरस डिरेक्टरीच्या डेटाबेस फाइलवर सारखा फिरतोय का.

८. बंद पडून राहिलेला डीसी

पिंपळगावच्या गोदामातला डीसी गोदाम बंद झाल्यावर कपाटात गेला आणि वर्षाने कुणी "वापरूया" म्हणून लावला. असं काही ऐकलं तर आधी त्याची नेटवर्कची वायर काढा, मग बोला.

खोडलेल्या ऑब्जेक्टची खूण डिरेक्टरी ठरावीक दिवसच ठेवते: विंडोज सर्व्हर २००३ एसपी १ पासून बनलेल्या फॉरेस्टमध्ये १८० दिवस, त्याआधीच्या फॉरेस्टमध्ये ६०. तेवढ्यापेक्षा जास्त काळ बंद असलेल्या डीसीला मधल्या काळात कोण गेलं ते कळण्याचा मार्गच उरत नाही. सोडून गेलेली माणसं त्याच्याकडे जिवंत असतात आणि अ‍ॅड्रेस बुकात परत डोकावू लागतात. लॉगमध्ये २०४२, रेपअ‍ॅडमिनमध्ये ८६१४. इथे रजिस्ट्रीत एक किल्ली बदलून जबरदस्तीने चालू करण्याचा सल्ला कुणीतरी देईल. नवख्या माणसाने तो घेऊ नये. डीसीला जबरदस्तीने पदावरून उतरवा, त्याच्या नोंदी डिरेक्टरीतून साफ करा, आणि हवा असेल तर नव्याने डीसी बनवा. बाकीच्या डीसींवर उरलेली भुतं काढायची झाली तर "रिमूव्हलिंगरिंगऑब्जेक्ट्स" आधी अ‍ॅडव्हायजरी मोडमध्ये चालवा, त्यात फक्त यादी येते, काही खोडलं जात नाही.

डीसीचा जुना स्नॅपशॉट मागे फिरवणं हा याचाच भाऊ. २०९५ नंबरची नोंद दिसली की स्वतः काही करू नका, जाणकाराला बोलवा.

९. हाताने ढकलणं

तातडीला "रेपअ‍ॅडमिन सिंकऑल" आहे. त्याच्या खुणांमध्ये अक्षर मोठं की छोटं याला अर्थ आहे. मोठा पी म्हणजे बाहेर ढकल, छोटा पी म्हणजे दर संदेशानंतर थांब. मोठा पी नसेल तर तो डीसी बाहेरून आत ओढतो, तुमचा बदल बाहेर जात नाही, आणि तुम्ही "सिंक केलं तरी जात नाही" म्हणत बसता. एकाच माणसाचं खातं पोचवायचं असेल तर "रिप्लसिंगलऑब्ज" पुरे.

दर पाच मिनिटांनी सिंकऑल चालवणारं टास्क कुणी लावून ठेवलंय का तेही बघा. मला एका डीसीवर अशी तीन सापडली, तिघांनी वेगवेगळ्या वर्षी लावलेली. ती बंद केली आणि रांग निम्म्यावर आली.

सगळे बदल झाल्यावर पायरी १ ची मोजणी परत करा आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा. आमच्या वहीत सिन्नरच्या ओळीत आधी २ तास ४० मिनिटं होती, आता २० सेकंदांच्या आसपास. ती ओळ साहेबांना मेल करा. टेलिफोन कंपनीकडे लिंकची तक्रार करतानाही हेच आकडे, तारीख-वेळेसह जोडा. त्यांच्या पहिल्या उत्तरात "आमच्या बाजूने लिंक ठीक आहे" असंच येईल.

सिन्नरच्या मॅडमचा फोन अजूनही येतो, पण आता त्या सुरुवातच अशी करतात: "सर, ब्राउझरमध्ये बघितलं, तिथे आहे. आउटलुकला उद्या येईल ना?"